भातावरच्या करप्याची जनुकीय विविधता कशी मोजावी : खाचरापासून तक्त्यापर्यंत, क्रमाने

डिसेंबर उजाडला की ठाणे, कल्याण, वाशीकडची एमएस्सीची मुलं लॅपटॉप उघडून समोर बसतात. शहापूर-मुरबाडकडून आणलेले करप्याचे (भातावरच्या बुरशीजन्य रोगाचे) नमुने, त्यांच्या डीएनएचे ठसे, रंगीत वंशवृक्ष असं सगळं तयार असतं. मग मी एकच विचारतो : "हे तीस नमुने म्हणजे तीस वेगळ्या बुरशी आहेत, हे कशावरून?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. कारण पाच नमुने एकाच चुडातून (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यातून) आलेले असतात, एकबीजाणू संवर्धन (बुरशीच्या एकाच बीजाणूपासून, म्हणजे सूक्ष्म बीपासून, प्लेटवर शुद्ध बुरशी वाढवणं) कुणी केलेलं नसतं, आणि दोन प्लेटमध्ये करप्याऐवजी दुसरीच बुरशी वाढलेली असते.

विविधता मोजणं म्हणजे माणसं मोजण्यासारखंच आहे. 'एक' म्हणजे कोण हे आधी ठरायला हवं. ते खाचरात आणि प्लेटवर ठरतं, नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते ठरवून देत नाही. म्हणून या लेखात पहिल्या सहा टप्प्यांना जास्त जागा दिली आहे, पीसीआरला (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राला) कमी.

टप्पा १ : प्रश्न एका ओळीत लिहा

"ठाणे जिल्ह्यातील करप्याच्या बुरशीची विविधता अभ्यासणे" हा प्रश्न नाही, हे फक्त शीर्षक झालं. प्रश्न असा असतो : एकाच गावातल्या दोन वाणांवर बुरशीचे वेगळे प्रकार येतात का? पानावरचा करपा आणि लोंबीची मानमोडी एकाच प्रकारामुळे होते का? खाचरातली बुरशी बांधावरच्या नाचणीवर जाते का? नमुने कुठून आणि किती घ्यायचे हे प्रश्नावरून ठरतं. पहिल्या प्रश्नाला एकाच शिवारातले दोन वाण हवेत. दुसऱ्याला एकाच खाचरात दोनदा जावं लागतं, एकदा फुटव्यांच्या वेळी आणि एकदा लोंबी बाहेर पडल्यावर. ऑगस्ट हातचा गेला तर हा दुसरा प्रश्न वर्षभर पुढे जातो, म्हणून प्रश्न लिहिण्याचं काम जूनमध्येच उरका.

टप्पा २ : करपा ओळखायला शिका

करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. आपल्याकडे त्याच खाचरात आणखी दोन रोग हमखास दिसतात आणि नवी मुलं तिन्ही एकाच पाकिटात भरतात.

तपकिरी ठिपक्यांचा रोग वेगळ्या बुरशीचा आहे. त्याचे ठिपके तिळासारखे गोल किंवा लंबगोल असतात, भोवती बऱ्याचदा पिवळसर वलय असतं. कडा करपा तर बुरशीचाही नाही, जिवाणूचा आहे. त्यात पान टोकाकडून आणि कडेने पिवळं पडून वाळत खाली येतं, सुटे ठिपके नसतात. नावात 'करपा' आहे म्हणून फसू नका.

मानमोडीत लोंबीच्या खालचं पेर काळपट तपकिरी होतं आणि लोंबी तिथून मोडते. रोग लवकर आला तर दाणे पोचट राहतात आणि लोंबी पांढरी दिसते. पण खोडकिड्यामुळेही लोंबी पांढरी पडते. लोंबी हलकेच ओढा. अलगद हातात आली आणि खालच्या टोकाला कुरतडल्याची खूण असली तर ते किडीचं काम. मान काळी असेल तरच नमुना घ्या.

*तपासणी :* पहिल्या दिवशी प्रत्येक प्रकारचे दहा ठिपके पांढऱ्या कागदावर चिकटवून फोटो काढा आणि वनस्पतिरोगशास्त्र जाणणाऱ्या माणसाला दाखवा. खाचरात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो फोटो हवा.

टप्पा ३ : किती नमुने आणि कुठून

"सर, तीस पुरतील का?" हे मला नेहमी विचारतात. याचं उत्तर हिशेबातून काढता येतं. समजा एखादा प्रकार खाचरातल्या दर दहा ठिपक्यांपैकी एकात आहे. तुम्ही दहाच नमुने घेतले तर तो प्रकार एकदाही हाती न लागण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. वीस घेतले तर १२ टक्के. एकोणतीस घेतले तर ५ टक्क्यांच्या किंचित खाली. म्हणजे ज्या दोन गटांची तुलना करायची त्या प्रत्येक गटात तीसच्या आसपास शुद्ध संवर्धनं लागतात. संपूर्ण जिल्ह्यातून मिळून तीस घेऊन चार तालुक्यांची तुलना करणं म्हणजे प्रत्येक तालुक्याचं तोंड ओझरतं पाहणं.

शिवाय प्रत्येक ठिपक्यातून बुरशी मिळत नाही. काही ठिपके जुने असतात, काहींवर इतर बुरशींनी बस्तान मांडलेलं असतं. म्हणून हव्या तितक्या संवर्धनांच्या निदान दीडपट ठिपके गोळा करा.

रचना पायऱ्यांची ठेवा : तालुका, त्यात गावं, गावात खाचरं, खाचरात ठिपके. उदाहरणार्थ शहापुरात किन्हवली आणि डोळखांब, मुरबाडात सरळगाव आणि टोकावडे, भिवंडीत पडघा. प्रत्येक गावात तीन खाचरं, प्रत्येक खाचरात पंधरा ठिपके. अशी उतरंड असेल तरच पुढे विविधता कुठे जास्त आहे, गावागावांत की एकाच खाचराच्या आत, हे सांगता येतं.

नियम तीन आहेत आणि ते मोडायचे नाहीत. एका चुडातून एकच पान घ्यायचं. एका पानावरचा एकच ठिपका वापरायचा. दोन चुडांत निदान तीन-चार मीटर अंतर ठेवायचं. करप्याचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, त्यामुळे शेजारशेजारच्या चुडांवर बऱ्याचदा एकाच बुरशीची पिलावळ असते. बांधावरून हात पुरेल तेवढंच खुडू नका. खाचरात नागमोडी चाला, नाहीतर तुम्ही फक्त कडेचं भात मोजलेलं असेल.

> सावधान : एकाच वाणावरचे नमुने म्हणजे चाळणीतून गाळलेले नमुने. ज्या बुरशीला त्या वाणावर जगता येतं तीच तिथे सापडते. गावात तीन वाण असतील तर तिन्हींवरचे घ्या. शक्य असेल तर जूनमध्येच शेताच्या कोपऱ्यात रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणाचा छोटा वाफा टाका. देशात या कामाला एचआर-१२ वापरतात. त्या वाफ्यावर परिसरातले बहुतेक प्रकार उतरतात.

टप्पा ४ : खाचरातला दिवस

पानावरच्या करप्यासाठी आवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी जा. सलग ढगाळ हवा, बारीक रिमझिम आणि गार रात्री असे चार-पाच दिवस गेले की ठिपके ताजे असतात. मानमोडीसाठी हळव्या (लवकर पिकणाऱ्या) वाणांकडे सप्टेंबरात आणि गरव्यांकडे (उशिरा पिकणाऱ्यांकडे) ऑक्टोबरात जा.

शेतकऱ्याची परवानगी आधी घ्या आणि मग त्याला तीन गोष्टी विचारा : वाण कोणतं, बियाणं घरचं की विकतचं, औषध कधी मारलं. वाणाचं उत्तर बऱ्याचदा नुसतं "कर्जत" असं येतं. कर्जत-३ की कर्जत-७ हे विचारा, पिशवी असेल तर पाहा. "काका, पिशवी ठेवलीय का?" एवढा एक प्रश्न विचारल्याने पुढचा अर्धा गोंधळ टळतो. ट्रायसायक्लाझोलसारखं औषध नुकतंच मारलं असेल तर त्या खाचरातून बीजाणू कमी मिळतात. तसं वहीत लिहा आणि शक्यतो दुसरं खाचर निवडा.

बरोबर न्यायचं सामान : ब्राऊन पेपरची पाकिटं, शिसपेन्सिल, छोटी कात्री, स्पिरिटचा कापूस, जुनी वर्तमानपत्रं, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. पाकिटावर पेनाने लिहू नका. आपल्या पावसात शाई पसरते आणि संध्याकाळी पन्नास निनावी पाकिटं हातात उरतात. पेन्सिलीचं टिकतं.

पाकिटावर सांकेतिक क्रमांक लिहा. उदाहरणार्थ शह-किन-२-०७-पा, म्हणजे शहापूर, किन्हवली, दुसरं खाचर, सातवा ठिपका, पान. तोच क्रमांक पुढे प्लेटवर, डीएनएच्या नळीवर आणि तक्त्यात शेवटपर्यंत जायला हवा. मधेच "नमुना १, नमुना २" असं सोपं नाव दिलंत की मागचा रस्ता पुसला गेला. वहीत तारीख, वाण, पिकाची अवस्था, शेजारी नाचणी किंवा वरई आहे का, आणि फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश लिहा.

ठिपका मध्यभागी ठेवून पानाचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापा. प्रत्येक चुडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना बुटांचा चिखल धुवा. रोग मोजायला आलेल्या माणसानेच तो पुढच्या खाचरात नेऊ नये.

> सावधान : प्लास्टिकची पिशवी नको, अगदी "फक्त दोन तासांसाठी" सुद्धा नको. ओलं पान पिशवीत घालून आसनगावहून दुपारची लोकल पकडली, ठाण्याला बदलून वाशीला उतरलात, की तोवर पान घामेजलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यावर जिवाणू आणि भलत्याच बुरशी असतात. मी एका मुलीचं अख्ख्या मोसमाचं काम असं वाया जाताना पाहिलं आहे : ऐंशी पाकिटं आणि त्यांतून करप्याची फक्त नऊ संवर्धनं.

लॅबमध्ये पोचल्यावर तुकडे वर्तमानपत्रात पसरून पंख्याखाली सुकवा, मग पाकिटासकट सिलिका जेलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. नीट सुकलेल्या ठिपक्यातली बुरशी महिनोन् महिने जिवंत राहते. त्यामुळे सगळे नमुने एकाच आठवड्यात प्लेटवर चढवण्याची घाई नको. घाईत नावांची अदलाबदल होते.

टप्पा ५ : ठिपक्यावर बीजाणू फुलवणे

पेट्री डिशमध्ये ओला गाळणकागद अंथरा, त्यावर काचपट्टी ठेवा. ठिपक्याचा एक-दीड सेंटिमीटरचा तुकडा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा ते एक मिनिट बुडवा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, कागदावर टिपून काचपट्टीवर ठेवा. २५ ते २७ अंशांवर २४ ते ४८ तास.

इथे दोन चुका होतात. एक, द्रावणात पाच-पाच मिनिटं बुडवून ठेवतात आणि बुरशीच मारतात. दोन, डिश टेबलावर ठेवून देतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ठाण्यातल्या बंद खोलीचं तापमान तीसच्या वर जातं, रात्री एसी बंद झाला की आणखी वाढतं. इन्क्युबेटर वापरा.

*तपासणी :* स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठिपक्याच्या मध्यावर राखाडी लव दिसेल. थोडी लव पाण्याच्या थेंबात घेऊन मोठ्या मायक्रोस्कोपखाली पाहा. करप्याचा बीजाणू पेरूच्या किंवा नासपतीच्या आकाराचा, जवळजवळ रंगहीन, दोन आडव्या पडद्यांनी तीन कप्पे झालेला असतो. तपकिरी, वाकडा आणि मधला कप्पा फुगलेला असेल तर कर्व्ह्युलारिया. लांब, जाड, अनेक पडद्यांचा असेल तर तपकिरी ठिपक्यांची बुरशी. कोयत्यासारखा असेल तर फ्युजेरियम. काळा गोल मणी असेल तर निग्रोस्पोरा. ही पाच चित्रं लॅबच्या भिंतीवर लावून ठेवा.

टप्पा ६ : एकबीजाणू संवर्धन (हा टप्पा गाळायचा नाही)

एका ठिपक्यात दोन वेगळ्या बुरशी असू शकतात. ठिपक्याचा तुकडा सरळ माध्यमावर ठेवून जे वाढतं, ती कदाचित मिसळ असते. त्या मिसळीचा डीएनए काढला तर एक तिसराच ठसा मिळतो, जो निसर्गात कुठेच नाही. अशा दहा मिसळी झाल्या की तक्त्यात दहा खोटे प्रकार, आणि प्रबंधात "विविधता अत्यंत जास्त" हे वाक्य.

करायचं असं.

आगराचा बारीक ठोकळा सुईच्या टोकाला घ्या आणि मायक्रोस्कोपखाली पाहत लवेच्या फक्त शेंड्यांना टेकवा. पानाला टेकवू नका, तिथे जिवाणू असतात. तो ठोकळा २ ते ४ टक्के पाणी-आगरच्या प्लेटवर हलकेच फिरवा, म्हणजे बीजाणू सुटे सुटे पडतात. पाण्यात द्रावण करून थेंब पसरवला तरी चालतं, पण द्रावण पातळ हवं : एका दृश्यात दोन-तीन बीजाणू, वीस नकोत.

सहा ते आठ तासांनी पाहा. बीजाणूला कोंब फुटलेला असेल. ज्याच्या आजूबाजूला दुसरा बीजाणू नाही असा कोंब फुटलेला एकच बीजाणू निवडा, बारीक सुईने आगरासकट उचला आणि ओटमील आगरच्या नव्या प्लेटवर ठेवा. एका ठिपक्यातून असे दोन उचला, दुसरा राखीव म्हणून. विश्लेषणात मात्र एकच घ्यायचा.

> सावधान : संध्याकाळी प्लेट करून "उद्या सकाळी पाहू" म्हणू नका. रात्रभरात कोंबांचे तंतू होतात, तंतू एकमेकांत जातात, आणि सकाळी तुम्ही उचलता ती गुंतवळ असते. सकाळी आठ-नऊला प्लेट करा, दुपारी तीन-चारला उचला. ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी गाठायची आहे म्हणून हे काम आटोपतं घेऊ नका. त्यापेक्षा त्या दिवशी कमी ठिपके लावा.

ओटमील आगर असं करा : १ लिटरला ओट्सचं पीठ ३० ते ५० ग्रॅम, आगर २० ग्रॅम. जिवाणू त्रास देत असतील तर माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर स्ट्रेप्टोमायसिन घाला. उकळत्या माध्यमात घातलेलं अँटिबायोटिक वाया जातं. प्लेट २५ ते २८ अंशांवर ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवा, बीजाणू चांगले येतात.

टप्पा ७ : लगेच साठवा

संवर्धन शुद्ध झालं की कामाला लागण्याआधी त्याची साठवण करा. निर्जंतुक गाळणकागदाच्या छोट्या चकत्या प्लेटवर ठेवा, बुरशी त्यांवर चढू द्या, आठ-दहा दिवसांनी चकत्या उचलून निर्जंतुक पाकिटात सुकवा आणि उणे २० अंशांवर ठेवा. अशी बुरशी वर्षानुवर्षं टिकते.

प्लेटवरून प्लेटवर, पुन्हा प्लेटवर अशी सात-आठ वेळा हलवलेली बुरशी बीजाणू देणं कमी करते आणि रोपाला रोग लावण्याची तिची ताकदही घटते. दोन-तीन वेळांच्या पुढे जाऊ नका, पुन्हा लागली तर साठ्यातली चकती काढा. दोन संच करा आणि दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. मुरबाडकडच्या लॅबमध्ये वीज जाते, नवी मुंबईतही फ्रीजर बंद पडतात.

टप्पा ८ : डीएनए

बुरशी द्रवमाध्यमात २७ अंशांवर शेकरवर पाच-सहा दिवस वाढवा आणि पांढरट असतानाच मलमलीतून गाळा. काळी पडू दिलीत तर त्यातलं मेलॅनिन डीएनएबरोबर येतं आणि पीसीआर अडवतं. जिलेबीसारखी चिकट साय आली असेल तर भरपूर निर्जंतुक पाण्याने धुवा.

सीटॅब (पेशी फोडून डीएनए सोडवणारं साबणासारखं रसायन) वापरायची पद्धत पुरेशी आहे. १०० मिलिग्रॅम तंतू द्रवरूप नायट्रोजनमध्ये पिठासारखे दळा, २ टक्के सीटॅबच्या द्रावणात ६५ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवा, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४ : १ मिश्रणाने धुवा, वरचा थर काढून आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवा, ७० टक्के इथेनॉलने धुवा. दळण भरड राहिलं तर बाकी सगळं बरोबर करूनही डीएनए कमीच मिळतो. नायट्रोजन हाताळताना हातमोजे आणि चष्मा लावा, सीटॅबच्या द्रावणात घालायचं मरकॅप्टोइथेनॉल फ्यूम हूडखालीच वापरा.

*तपासणी :* २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान हवं. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका, जेलवरही (विजेच्या साहाय्याने डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) चालवा. वर एक घट्ट पट्टी दिसायला हवी. खालपर्यंत धूर दिसत असेल तर डीएनए तुटलेला आहे, पुन्हा काढा.

टप्पा ९ : ठसे घेणे

आधी ओळख. आयटीएस हा बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग पीसीआरने वाढवून त्याचा क्रम वाचला की हाती करप्याचीच बुरशी आहे की कर्व्ह्युलारिया, हे कळतं. तेवढ्यासाठीच तो वापरा. आयटीएस एकाच जातीच्या आत जवळजवळ सारखाच असतो, त्यावरून विविधता मोजता येत नाही. "आमच्या सर्व नमुन्यांत ९९ टक्के साम्य आढळले, म्हणून विविधता कमी" हा निष्कर्ष मी अनेकदा वाचला आहे. त्यातून एवढंच सिद्ध होतं की सगळे नमुने करप्याचेच आहेत.

विविधतेसाठी आपल्या लॅबना परवडतील असे दोन मार्ग आहेत.

पॉट-२ हा या बुरशीच्या जनुकसंचात अनेक जागी विखुरलेला उडता डीएनए-तुकडा. त्याच्या प्रतींमधलं अंतर पीसीआरने वाढवलं की प्रत्येक वंशाची पट्ट्यांची वेगळी नक्षी मिळते. स्वस्त आहे, पण नाजूक आहे. डीएनएची मात्रा, एन्झाइमची कंपनी, मशीन, काहीही बदललं की फिकट पट्ट्या बदलतात. म्हणून संपूर्ण अभ्यास एकाच मशीनवर एकाच खेपेच्या रसायनांनी करा. प्रत्येक जेलवर तेच दोन ओळखीचे नमुने आणि एक बिनडीएनएची नळी ठेवा, आणि निदान दहा टक्के नमुन्यांचा डीएनए नव्याने काढून सगळं पुन्हा करा.

दुसरा मार्ग एसएसआर, म्हणजे डीएनएत तीच दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात अशा छोट्या पुनरावृत्तींच्या जागा. दहा ते पंधरा जागा घ्या, शक्यतो वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या. या बुरशीची गुणसूत्रं सात आहेत. साध्या अगारोज जेलवर दोन-चार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) फरक दिसत नाही, त्यामुळे वेगळे प्रकार एकच वाटतात. कॅपिलरीवर (बारीक नळीतून तुकड्यांची लांबी नेमकी मोजणाऱ्या मशीनवर) करून घ्या, पैसे त्यावर खर्च करा. माझा कल याच मार्गाकडे आहे, कारण वर्षभराने दुसऱ्या लॅबच्या आकड्यांशी तुलना करता येते.

> सावधान, आणि हे पाठ करून ठेवा : ही बुरशी एकगुणित आहे. प्रत्येक जागी तिच्याकडे एकच प्रत असते. एखाद्या नमुन्यात एका जागी दोन वेगळ्या लांबीच्या पट्ट्या आल्या तर ते 'विषमयुग्मी' नव्हे. बहुधा ते संवर्धन मिसळीचं आहे. टप्पा ६ वर परत जा.

त्याच डीएनएवर मिलनप्रकाराची पीसीआरही करून घ्या. या बुरशीचे मिलनप्रकार दोन आहेत, आणि लैंगिक पुनरुत्पादनाला दोन्ही लागतात. गावात एकच सापडला तर ती तिथे लैंगिक पुनरुत्पादन करत असण्याची शक्यता मावळते. दोन्ही सापडले म्हणून ते होतंच असं मात्र नाही.

टप्पा १० : तक्ता आणि आकडेमोड

पॉट-२ च्या पट्ट्या वाचताना नमुन्यांची नावं झाका. दोघांनी स्वतंत्रपणे वाचा, जुळत नाही ती पट्टी गाळा. पट्टी नाही म्हणजे ०. पीसीआरच झाली नाही म्हणजे रिकामी चौकट. हे दोन एकच समजल्यामुळे तक्त्यात बनावट प्रकार तयार होतात.

आर या आकडेमोडीच्या संगणक प्रणालीतलं 'पॉपर' हे पॅकेज अशाच, स्वतःच्या प्रती काढत वाढणाऱ्या जीवांसाठी लिहिलेलं आहे आणि फुकट आहे. त्यात आधी प्लॉइडी (गुणसूत्रांच्या संचांची संख्या) १ अशी नोंद करा. सॉफ्टवेअर आपणहून २ धरत असेल तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

समजा एका गावाच्या ३० संवर्धनांत ८ प्रकार मिळाले : १२, ८, ४, २ आणि प्रत्येकी एक असे चार. वाट्यांच्या वर्गांची बेरीज (१४४ + ६४ + १६ + ४ + ४) ÷ ९०० = ०.२५८. एकातून वजा केली की ०.७४२. छोट्या संख्येसाठी ३०/२९ ने गुणलं की ०.७६८. म्हणजे डोळे झाकून दोन संवर्धनं उचलली तर ती वेगळ्या प्रकारची निघण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के. हे एकदा तरी हाताने करा. आता हीच ३० संवर्धनं सहा ठिपक्यांतून पाच-पाच अशी काढलेली असती तर? आकडा तसाच दिसला असता, पण खरी निरीक्षणं सहाच असती.

यानंतरचा क्रम असा.

१. प्रकार-संचय आलेख काढा. जागा वाढवत गेल्यावर प्रकारांची संख्या सपाट होते का ते पाहा. वर चढतच असेल तर जागा अपुऱ्या आहेत, आणखी वाढवा.

२. गावांची नमुनासंख्या असमान असेल तर प्रकारांच्या संख्येची थेट तुलना करू नका. सगळ्यात लहान गटाच्या संख्येवर आणून मगच करा.

३. लैंगिक पुनरुत्पादनाचा अंदाज घेणारी जोडणी-निर्देशांकाची (वेगवेगळ्या जागांमधले फरक एकत्रच येतात का हे पाहणारी) चाचणी दोनदा करा : एकदा सगळ्या नमुन्यांवर, एकदा प्रत्येक खाचरातल्या प्रत्येक प्रकाराचा एकच प्रतिनिधी ठेवून. दोन्ही उत्तरं छापा.

४. विविधता कुठे वाटलेली आहे यासाठी अमोव्हा, म्हणजे एकूण फरक गाव, खाचर अशा पायऱ्यांत वाटून दाखवणारी चाचणी. टप्पा ३ मधली उतरंड इथे कामाला येते.

५. गट पाडण्यासाठी 'स्ट्रक्चर' हे सॉफ्टवेअर वापरण्याआधी थांबा. ते मुक्त संकर गृहीत धरतं, आणि भातावरची ही बुरशी बहुतेक ठिकाणी बीजाणूंच्या प्रती काढतच पसरते. डीएपीसी ही गट पाडण्याची दुसरी पद्धत हे गृहीतक धरत नाही.

वंशवृक्षात गावांप्रमाणे फांद्या पडल्या नाहीत म्हणून मुलं खट्टू होतात. बीजाणू वाऱ्याने जातात, रोगट बियाणं आणि पेंढा टेम्पोने जातो. पडघ्याचा प्रकार मुरबाडात सापडणं हाच एक निष्कर्ष आहे, तो लिहा. नाचणीवरचे नमुने मात्र भातापासून वेगळ्या फांदीवर बसायला हवेत, कारण नाचणीवरचा वंश निराळा आहे. ते भातात मिसळलेले दिसले तर आधी नळ्यांवरची नावं तपासा.

टप्पा ११ : रोपांवर पाहिल्याशिवाय 'घातक प्रकार' म्हणू नका

डीएनएचा ठसा आणि रोग लावण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच ठशाच्या दोन बुरशी एका वाणावर वेगळ्या वागू शकतात, कारण प्रतिकाराला चकवणारा बदल एकाच जनुकात झालेला असू शकतो आणि तुमच्या पंधरा जागा त्याच्या जवळपासही नसतात.

म्हणून प्रत्येक मोठ्या गटातले दोन-तीन प्रतिनिधी घ्या. दर मिलिलिटरला १ लाख बीजाणूंचं द्रावण करा, तीन-चार पानांच्या रोपांवर फवारा, २५ अंशांवर अंधारात पूर्ण दमट हवेत २४ तास ठेवा, आणि सातव्या दिवशी ० ते ९ च्या श्रेणीवर ठिपके वाचा. बळी पडणारा एचआर-१२ आणि प्रतिकारक्षम टेटेप दोन्ही प्रत्येक ट्रेमध्ये हवेत. एचआर-१२ वर ठिपके आले नाहीत तर तो प्रयोग बाद. त्या दिवशी इतर वाण 'प्रतिकारक' दिसतात ते फक्त फवारणी फसल्यामुळे.

परिसरातल्या शेतकऱ्यांचे खरे वाणही ट्रेमध्ये लावा. टप्पा ४ मध्ये पिशवीवरून लिहिलेली नावं इथे लागतात.

काम झालं की रोपं, माती, प्लेटा सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा, मगच कचऱ्यात टाका. महापे-शिळफाट्याच्या पलीकडे आजही भात लावलं जातं, आणि लॅबच्या मागच्या अंगणात फेकलेल्या ट्रेवरून बीजाणू उडायला एक दमट रात्र पुरते.

मे महिन्यात, बियाणं घ्यायच्या आधी, ज्यांच्या खाचरातून नमुने घेतले त्या प्रत्येकाला फोन करा : तुमच्या खाचरातल्या बुरशीने ट्रेमध्ये कोणत्या वाणावर ठिपके पाडले आणि कोणत्यावर नाही, एवढंच, वाणाच्या पूर्ण नावासकट सांगा. फोन नंबर पहिल्याच दिवशी वहीत घेतलेला असू द्या, पण तक्त्यात आणि प्रबंधात तो जाऊ देऊ नका.